रंग भिंतीला, धूळ छातीला

पितृपक्ष संपला की आपल्या गावातील रंगाऱ्यांना क्षणाची उसंत नसते. दसऱ्याला नाही तर निदान दिवाळीला तरी घराच्या भिंती उजळ दिसाव्यात, ही आपली जुनी हौस आहे आणि ती चांगलीच आहे. पूर्वी हे काम सोपे होते. चुना भिजवायचा, त्यात थोडी नीळ टाकायची, सामान अंगणात काढायचे आणि दोन दिवसांत भिंती पांढऱ्याशुभ्र करून मोकळे व्हायचे. आता भिंतीला लांबी भरतात, ती पॉलिश पेपरने घासतात, प्राइमरचा हात देतात आणि त्यावर रंगाचे दोन हात होतात. अंगण राहिलेले नाही. सामान खोलीच्या मधोमध रचून ठेवलेले असते आणि घरची मंडळी शेजारच्या खोलीत दिवस काढत असतात. या साऱ्या पसाऱ्याच्या वर, भिंतीवर उंच, एक पांढरी पेटी बसलेली असते. ती म्हणजे एसी.

रंगारी शिडी लावतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘साहेब, याचे काय करायचे?’ उत्तर ठरलेले असते, ‘नीट झाका हो, महागाची वस्तू आहे.’ मग पेटीला प्लॅस्टिक गुंडाळले जाते, कडेने चिकटपट्टी लागते. त्याच पेटीखाली जो माणूस पुढचे तीन दिवस भिंत घासणार असतो, त्याच्या तोंडाला मात्र फार तर त्याचाच रुमाल असतो. ज्या घरात हे चालते, तिथले दम्याचे आजोबा आणि रांगणारे बाळ यांच्यासाठी तर तेवढाही विचार होत नाही. रंगकामाच्या दिवसांत आपण यंत्राला जपतो आणि माणसांना विसरतो, हे मला आज सांगायचे आहे. गंमत अशी की, माणसांना जपण्याचे जे नियम आहेत, ते पाळले तर यंत्रही आपोआप जपले जाते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. भिंतीवरचा एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. घराबाहेर टांगलेला जो दुसरा भाग असतो, तो केवळ खोलीतील उष्णता बाहेर टाकतो. दोन्ही भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नव्हे. आतली पेटी खोलीतीलच हवा वरच्या बाजूने ओढते, थंड करते आणि खालून पुन्हा खोलीतच सोडते. म्हणजे एसी हवा थंड करतो, थोडी कोरडी करतो, पण नवी करत नाही. खोलीत धूळ असेल तर तीच फिरते, रंगाची वाफ असेल तर तीच फिरते.

खानदेश-विदर्भातील मंडळींना कूलरची सवय आहे. कूलर चालवायचा तर समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाही तर खोली दमट होते, हे तिथे लहान मुलालाही कळते. एसीने आपल्याला उलट शिकवण दिली. दारे लावा, खिडक्या लावा, फटी बुजवा. एरवी हे ठीक आहे. रंगकामात मात्र हीच सवय घात करते.

आता धुळीविषयी. लांबी म्हणजे खडूची किंवा पांढऱ्या सिमेंटची बारीक भुकटी. ती वाळल्यावर घासली की पिठासारखी धूळ उडते. जुने प्लास्टर खरवडले तर त्यात वाळूचे कण येतात आणि वाळूत सिलिका असते. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकातील केसांत आणि घशात अडकते, शिंकेवाटे, खाकरण्यावाटे बाहेर पडते. खरा त्रास न दिसणाऱ्या धुळीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासनलिकेत उतरतात आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या थेट तळाशी जातात. घरच्या माणसांना चार दिवसांच्या अशा धुळीने खोकला, शिंका, डोळ्यांची आग आणि दमेकऱ्याला धाप, एवढ्यावर निभावते. पण वर्षानुवर्षे प्लास्टर आणि सिमेंट घासणाऱ्या, तोडणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसात सिलिका साठत जाते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या रोगावर आजही पूर्ण बरा करणारा उपाय नाही.

या धुळीत एसी चालू राहिला तर काय होते? पेटीत पुढे जाळीचा फिल्टर असतो. तो कापसासारखी जाड धूळ अडवतो. लांबीची भुकटी त्यातून आरपार जाते आणि मागच्या गार, ओल्या पत्र्यांवर बसते. पाणी आणि लांबी एकत्र आले की त्याचा लगदा होतो, हे रंगाऱ्याला वेगळे सांगायला नको. हा लगदा पत्र्यांच्या फटी बुजवतो, आतल्या पंख्याच्या पात्यांना चिकटतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीत साचतो. पुढे पाण्याला वाट राहत नाही आणि ते नव्या रंगाच्या भिंतीवरून ओघळू लागते. आतल्या ओलसर मळात बुरशी धरते. मग एसी लावला की कुबट वास येतो आणि घरातील कोणाला तरी सकाळी शिंका सुरू होतात. औषधाचे पैसे आणि मेकॅनिकचे पैसे, दोन्ही एकाच चुकीपायी जातात.

म्हणून पहिला नियम, घासाई सुरू होण्यापूर्वी एसी बंद आणि झाकलेला असावा. बंद म्हणजे केवळ रिमोटने बंद नव्हे. रिमोटचे बटण दाबल्यावरही पेटीत वीज असतेच. ओले फडके, ओला रोलर आणि लोखंडी शिडी घेऊन माणूस तिथे काम करणार आहे. तेव्हा एसीचा स्वतंत्र एमसीबी खाली पाडावा, त्यावर चिकटपट्टी लावावी आणि घरातील सर्वांना तसे सांगावे. झाकण्यापूर्वी एसी अर्धा तास नुसत्या पंख्यावर चालवून आतला ओलावा सुकू द्यावा, म्हणजे प्लॅस्टिकखाली बुरशी धरणार नाही. झाकलेला एसी कोणत्याही कारणाने चालू करू नये. आतली पेटीच नव्हे, तर बाहेरची भिंत रंगवताना बाहेरचा भागही असाच बंद करून झाकावा आणि काम संपताच उघडावा.

पेटीच्या मागची भिंत रंगवायची की नाही, यावर घराघरांत वाद होतात. माझे मत असे की, भिंत कोरडी असेल तर पेटी उतरवण्याचा हट्ट धरू नये. लांब दांड्याच्या अरुंद रोलरने जेथवर हात पोहोचेल तेथवर रंग द्यावा, मागचे कोणाला दिसत नाही. पेटी पट्टीवर आकड्यांनी अडकवलेली असते. तिची खालची कड सोडवून थोडी पुढे घेता येते, पण तेही मेकॅनिकच्या हाताने व्हावे. पूर्ण उतरवायची वेळ आलीच, तर आधी सारा गॅस बाहेरच्या भागात ओढून बंद करावा लागतो. नळी सैल करून गॅस हवेत सोडून देणारे कारागीर भेटतात, त्यांना स्पष्ट नकार द्यावा. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा गॅस पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला हानी करतो, म्हणूनच १९८७ च्या माँट्रियल कराराखाली त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्यात येत आहे. अलीकडच्या यंत्रांत सर्रास आढळणारा आर-३२ हा गॅस ओझोनला त्रास देत नाही, पण तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. बंद खोलीत तो सोडणे आणि शेजारी विडी पेटवणे, हा खेळ नव्हे.

मात्र पेटीमागची किंवा तिच्याखालची भिंत ओली असेल, तर प्रश्न रंगाचा राहत नाही. पुष्कळ घरांत एसीखालच्या भिंतीवर पिवळसर डाग, पोपडे आणि काळी टिपकी दिसतात. आपण काय करतो? पोपडे खरवडतो, लांबी भरतो, वर महागाचा रंग देतो. पुढच्या उन्हाळ्यात तोच डाग पुन्हा हजर. ओल येण्याची कारणे मोजकी आहेत. निचऱ्याची नळी तुंबलेली किंवा मध्ये वर उचललेली असते. गार नळीवरचे फोमचे आवरण फाटलेले असते आणि तिच्यावर दवासारखे पाणी धरते. किंवा भिंतीतून नळ्या नेण्यासाठी पाडलेल्या भोकाचा उतार बाहेर असण्याऐवजी आत असतो आणि पावसाचे पाणी त्यातून सरळ घरात येते. आधी हे दुरुस्त करावे, भिंत पूर्ण वाळू द्यावी, मगच रंगाऱ्याला बोलवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे इतर विकार होण्याचा धोका अधिक असतो, असे त्यात म्हटले आहे. डागावर रंग दिला तर डाग झाकतो, बुरशी जात नाही.

हल्ली नळ्या भिंतीत गाडून टाकण्याची हौस वाढली आहे. दिसायला ते छान दिसते. पण निचऱ्याची नळी एकदा गाडली की ती कोठे गळते, हे भिंत फुगल्यावरच कळते. गाडायचीच असेल, तर प्लास्टर करण्यापूर्वी तिच्यातून बादलीभर पाणी सोडून ते बाहेर नीट पडते की नाही, हे स्वतः उभे राहून पाहावे.

आता रंगाच्या वासाकडे वळू. ऑइल पेंटमध्ये टर्पेंटाइनसारखी द्रावणे असतात. रंग वाळतो म्हणजे ही द्रावणे उडून हवेत जातात. त्यांनी डोके दुखते, गरगरते, मळमळते, डोळे चुरचुरतात आणि दमेकऱ्याला धाप लागते. पाण्यात कालवायच्या रंगांत हे प्रमाण पुष्कळ कमी असते, पण सर्वस्वी शून्य असते असे नाही. वास येत नाही म्हणजे काहीच नाही, असेही समजू नये. भिंतीला बोट लावल्यावर रंग लागत नाही, याचा अर्थ तो पूर्ण वाळला असा होत नाही. वाफ पुढे काही दिवस निघतच असते.

इथे काही वाचक म्हणतील, ‘डॉक्टर, एसी लावला की रंग लवकर वाळतो, हा आमचा अनुभव आहे.’ अनुभव खोटा नाही. एसी हवेतील दमटपणा कमी करतो, त्यामुळे पाण्यातले रंग लवकर वाळतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन तास बसायलाही बरे वाटते. पण दारे-खिडक्या बंद करून जी वाफ भिंतीतून लवकर बाहेर काढली, ती गेली कोठे? ती खोलीतच राहिली, आणि रात्री त्याच खोलीत झोपणाऱ्याच्या छातीत गेली. वाफ पातळ करण्याचा उपाय एकच, बाहेरची हवा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात आणि एकीत साधा टेबल फॅन बाहेर तोंड करून ठेवावा. तो खोलीतील वाफ बाहेर ढकलतो आणि दुसऱ्या खिडकीतून ताजी हवा आत येते. महागड्या यंत्रापेक्षा हा जुना पंखा या कामी सरस आहे. पाण्याचा रंग दिलेल्या खोलीत निदान दोन-तीन रात्री आणि ऑइल पेंट दिलेल्या खोलीत वास पूर्ण जाईपर्यंत कोणी झोपू नये. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, दमेकरी आणि वृद्ध यांनी तर त्या दिवसांत नातेवाइकांकडे जावे, हे उत्तम.

जुन्या घरांसाठी आणखी एक इशारा आहे. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल छटांत, शिशाची संयुगे मिसळलेली असत. आपल्या देशात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ साली झाला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या दारे, खिडक्या आणि ग्रिलवरच्या थरांत शिसे असू शकते. असा थर कोरडा घासला की शिशाची धूळ होते. ती जमिनीवर, खेळण्यांवर, पांघरुणावर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताने तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि रक्तातील शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. म्हणून जुना ऑइल पेंट कोरडा घासू नये आणि दिव्याने जाळून काढू नये. पाणी लावत, पाण्यातल्या पॉलिश पेपरने घासावा. खाली कागद अंथरावा आणि निघालेला मळ कागदासकट गुंडाळून बाहेर न्यावा. कोरडा झाडू फिरवू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

काम संपल्यावर एसी कसा सुरू करावा? आधी खोली दोन वेळा ओल्या फडक्याने पुसावी. मग प्लॅस्टिक काढताना त्यावरची धूळ खाली न झटकता आत गुंडाळून घ्यावी. फिल्टर काढून वाहत्या पाण्याखाली धुवावा, सावलीत वाळवून बसवावा. खिडक्या उघड्या ठेवून प्रथम अर्धा तास नुसता पंखा चालवावा. वास आला किंवा पांढरी भुकटी उडाली, तर मेकॅनिककडून आतले पत्रे आणि पन्हळ धुवून घ्यावी. हे नव्या रंगाचा शेवटचा हातच समजावे.

सजावटीविषयी थोडेसे. एसी दिसायला चांगला दिसत नाही म्हणून तो लाकडी जाळीच्या कपाटात कोंडणे किंवा फॉल्स सीलिंग अगदी त्याच्या डोक्याला टेकवणे, ही नवी टूम आहे. पेटी वरून हवा ओढते, हे आपण पाहिलेच. वर आणि बाजूला किती जागा सोडायची, ते यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. सुताराने माप घेण्यापूर्वी ती पुस्तिका त्याच्या हाती द्यावी. जागा कमी पडली तर पेटीची गार हवा पुन्हा पेटीतच जाते, खोली थंड होत नाही, फिल्टर काढायला हात जात नाही आणि जे काढता येत नाही ते वर्षभर कोणी धूत नाही. पलंगही असा ठेवावा की झोपलेल्याच्या तोंडावर थेट झोत येणार नाही. यंत्र झाकून खोली सुंदर करण्यापेक्षा ते उघडे ठेवून स्वच्छ ठेवावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणि शेवटचा, पण माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा रंगाऱ्याचा. आपल्या घरातील धूळ चार दिवसांची. त्याची मात्र वर्षाचे बाराही महिने असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ सालीच रंगाऱ्याच्या व्यवसायाला कर्करोगकारक व्यवसायांत धरले आणि पुढील फेरविचारातही तो निष्कर्ष कायम राहिला. हे वाचून घरमालकाने घाबरण्याचे कारण नाही, पण ज्याचे पोट या कामावर आहे त्याच्याकडे डोळेझाक करण्याचेही कारण नाही. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क म्हणजे काय, हे २०२० च्या करोनाच्या साथीने आपल्या प्रत्येक घराला शिकवले. तोच मास्क घासाईच्या दिवसांत रंगाऱ्याला द्यावा, मळला की बदलून द्यावा. तो धूळ अडवतो, वाफ अडवत नाही, म्हणून रंग देताना खिडक्या उघड्या हव्यातच. भिंत थोडी ओलसर करून घासायला सांगावे. वेळ थोडा जास्त लागेल, तो द्यावा. ‘दिवाळीच्या आत काम उरकून द्या’ असे म्हणून आपण त्याला रात्री बंद खोलीत काम करायला लावतो, ते बंद करावे. जेवायला बसण्यापूर्वी त्याला साबण आणि पाणी दाखवावे.

कंत्राटदाराशी दर ठरवताना आपण रंगाची कंपनी विचारतो, हात किती ते विचारतो, एसीला ओरखडा आला तर भरपाई कोण देणार तेही विचारतो. त्यात आणखी एक प्रश्न घालावा, ‘तुमच्या माणसांच्या मास्कचे काय?’ त्याने कानावर हात ठेवले, तर ती जबाबदारी आपण घ्यावी. डब्यातल्या रंगाच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे. भिंतींना सण असतो, तसा त्या रंगवणाऱ्यालाही असतो. त्याची दिवाळी खोकत जाऊ नये, एवढे आपल्या हाती नक्कीच आहे.